वाय-फायचा पासवर्ड आठवत नाहीये? आधी ते ‘फरगेट’ दाबायचं थांबा

या महिन्यात वाय-फायच्या पासवर्डबद्दल इतके प्रश्न आलेत की सगळा कॉलम त्यालाच देतोय. बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ, कुणी रागावू नका. उत्तरं वाचायच्या आधी सगळ्यांना एकच सांगतो, पासवर्ड तुम्ही विसरलात तरी जो फोन किंवा लॅपटॉप त्या वाय-फायवर अजून चालतोय तो विसरलेला नाही, त्याच्या पोटात तो जसाच्या तसा जपून ठेवलेला असतो. म्हणून घरातलं एक जरी यंत्र जोडलेलं असेल तर काम झालंच म्हणून समजा, फक्त त्याला हात लावताना घाई करू नका.

प्रश्न : मुलानं नोकरीला पुण्याला जायच्या आधी घरी वाय-फाय लावून दिलं. पासवर्ड त्यानंच टाकला आणि आता त्यालाही आठवत नाही. माझ्या फोनवर नेट छान चालतंय, पण ह्यांना नवीन फोन घेतलाय, त्यात कसं जोडायचं? शेजारची म्हणाली की तुझ्या फोनमध्ये फरगेट कर आणि परत जोड, मग पासवर्ड दिसेल. (सातारा)

उत्तर : ताई, शेजारणीचं ऐकू नका, फरगेट दाबलं की फोन तो पासवर्ड कायमचा पुसून टाकतो आणि परत जोडायला गेलात की तुम्हालाच विचारतो, म्हणजे आत्ता एक फोन अडलाय ते दोन अडतील. सेटिंगमध्ये ‘रीसेट नेटवर्क सेटिंग्ज’ असंही एक असतं, त्यानं तर सेव्ह केलेली सगळीच वाय-फाय आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात, तिकडेही जाऊ नका.

आता करायचं काय ते सांगतो. तुमचा फोन अँड्रॉइड १० किंवा त्याच्या पुढचा असेल (हे २०१९ मध्ये आलं, त्यानंतर घेतलेल्या बहुतेक फोनमध्ये असतंच, खात्री करायची तर सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’ किंवा अबाउट फोन उघडून बघा) तर पासवर्ड माहीत नसतानाही तो दुसऱ्या फोनला देता येतो. सेटिंग्ज उघडा, नेटवर्क आणि इंटरनेट, मग इंटरनेट किंवा वाय-फाय, तिथं तुमच्या घरच्या वाय-फायचं नाव वरच दिसेल, त्याच्या शेजारच्या दातेरी चाकाला टच करा. आत ‘शेअर करा’ असं बटण येतं. ते दाबलं की फोन तुमचं बोट किंवा स्क्रीन लॉकचा पिन मागतो, हे बरोबरच आहे, नाहीतर फोन दोन मिनिटं हातात घेतलेला कुणीही पासवर्ड घेऊन गेला असता. पिन दिला की काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा क्यूआर कोड येतो, आपण पैसे द्यायला स्कॅन करतो तसलाच. ह्यांच्या फोनचा कॅमेरा उघडून त्या कोडवर धरा, ‘नेटवर्कला जोडा’ असं काहीतरी येईल, दाबा. झालं, एक अक्षरही टाइप करायचं नाही.

कंपनीप्रमाणे जागा थोड्या बदलतात. सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, कनेक्शन्स, वाय-फाय, नावाशेजारचं चाक, आणि मग क्यूआर कोड. शाओमी-रेडमीमध्ये तर वाय-फायच्या यादीत जोडलेल्या नावाखालीच ‘पासवर्ड शेअर करायला टच करा’ असं लिहिलेलं असतं. विवो, ओप्पो, रिअलमी यांच्यात नावावर किंवा शेजारच्या बाणावर टच केलं की आत कोड सापडतो. नाहीच सापडलं तर सेटिंग्जच्या वरच्या शोधायच्या पट्टीत वाय-फाय टाइप करा आणि तिथून आत शिरा.

काही फोनमध्ये त्या कोडच्या खालीच पासवर्ड अक्षरांत लिहिलेला असतो, तो लगेच वहीत उतरवून घ्या. बऱ्याच फोनमध्ये मात्र नुसता कोड असतो, आणि टीव्हीला किंवा प्रिंटरला जोडायचं असेल तर कोड दाखवून उपयोग नाही, तिथं अक्षरंच टाकावी लागतात. अशा वेळी त्या कोडचा स्क्रीनशॉट काढा (फोन काढू देत नसेल तर दुसऱ्या फोननं फोटो काढा) आणि तो फोटो गूगल लेन्समध्ये (फोटोतलं वाचून दाखवणारं गूगलचं ॲप) उघडा. कोड म्हणजे साधा मजकूरच असतो, त्यात एस आणि कोलनच्या पुढं वाय-फायचं नाव, टी आणि कोलनच्या पुढं सुरक्षेचा प्रकार आणि पी आणि कोलनच्या पुढं पासवर्ड असतो, अर्धविरामापर्यंत जे काही आहे ते सगळं. यात एक बारीक गोष्ट आहे जी फारसं कुणी सांगत नाही आणि मग लोक तासभर डोकं धरून बसतात. पासवर्डमध्ये मुळातच कोलन, स्वल्पविराम किंवा अर्धविराम असेल तर कोडमध्ये त्याच्या आधी एक उलटी तिरकी रेघ घातलेली असते, ती पासवर्डचा भाग नाही, ती सोडून बाकीचं लिहायचं. लेन्सनं अक्षरं न दाखवता नुसतंच ‘जोडा’ म्हटलं तर प्ले स्टोअरवरच्या साध्या क्यूआर वाचणाऱ्या ॲपमध्ये मजकूर दिसतो, पण ते ॲप कॅमेरा सोडून कॉन्टॅक्ट वगैरे मागत असेल तर टाकू नका. आणि काम झालं की तो स्क्रीनशॉट गॅलरीतून काढून टाका, चुकून कुठल्या ग्रुपवर गेला तर पासवर्डच गेला.

प्रश्न : माझा आयफोन आहे, बायकोचा अँड्रॉइड. वाय-फाय फक्त माझ्या फोनवर चालू आहे. आयफोनमध्ये असा क्यूआर कोड दिसत नाही. (ठाणे)

उत्तर : तुमच्याकडं तर अजून सोपं आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये आयओएस १६ आलं तेव्हापासून आयफोन पासवर्ड सरळ अक्षरांत दाखवतो. सेटिंग्ज, वाय-फाय, जोडलेल्या नावाशेजारच्या गोलातल्या ‘आय’वर टच, आत पासवर्डच्या ओळीत ठिपके दिसतील त्यावर टच, चेहरा किंवा बोट ओळखलं की पासवर्ड समोर. तिथंच कॉपी पण होतो. पूर्वी कधीतरी जोडलेलं, आत्ता जवळपास नसलेलं वाय-फाय असेल, समजा गावच्या घरचं, तर त्याच वाय-फायच्या पानावर कोपऱ्यात ‘एडिट’ असतं, त्यात जुन्या सगळ्या नेटवर्कची यादी आणि त्यांचे पासवर्ड मिळतात. आयओएस १८ असेल तर ‘पासवर्ड्स’ नावाचं वेगळं ॲपच आलंय, त्यात वाय-फायचा कप्पा आहे आणि तिथं क्यूआर कोडही तयार होतो, तो वहिनींच्या अँड्रॉइडला दाखवा.

आयफोन ७ किंवा त्याच्या आधीचा असेल तर त्यावर आयओएस १६ येत नाही, त्यात पासवर्ड वाचता येणार नाही. पण आयफोनकडून आयफोनला तो २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून देता येतो, दोन्ही फोन जवळ ठेवायचे, दोन्हीचं वाय-फाय आणि ब्लूटूथ चालू, एकमेकांच्या कॉन्टॅक्टमध्ये एकमेकांचा ॲपल अकाउंटचा ईमेल सेव्ह केलेला हवा (नुसता फोन नंबर सेव्ह करून लोक वाट बघत बसतात आणि मग म्हणतात चालत नाही), आणि ज्याला हवंय त्यानं ते नेटवर्क निवडलं की दुसऱ्याच्या स्क्रीनवर ‘पासवर्ड शेअर करा’ येतं. तुमच्या घरात मॅक (ॲपलचा कॉम्प्युटर) असेल आणि आयक्लाउड कीचेन, म्हणजे ॲपलची पासवर्ड सगळ्या यंत्रांत पोचवायची सोय, चालू असेल तर मॅकमध्येही तोच पासवर्ड पोचलेला असतो, तिथं बघा.

प्रश्न : फोन जुना आहे, अँड्रॉइड ८. शेअरचं बटणच नाही. यूट्यूबवर सांगतात की रूट करा म्हणजे पासवर्डची फाइल उघडते. करू का? (लातूर)

उत्तर : नका करू. फाइल असते हे खरं आहे, सिस्टीमच्या आतल्या फोल्डरमध्ये सगळे वाय-फाय पासवर्ड लिहिलेले असतात आणि ती साध्या वापरणाऱ्याला उघडता येत नाही. पण रूट करायचं म्हणजे फोनच्या सुरक्षेचं कुलूपच काढून टाकायचं, बऱ्याच फोनमध्ये त्यासाठी बूटलोडर (फोन सुरू करणारा आतला प्रोग्राम) उघडताना सगळा डेटा पुसला जातो (त्यात तो पासवर्डही गेला, म्हणजे ज्यासाठी केलं तेच हातचं गेलं!), आणि नंतर बँकेची, पैसे पाठवायची ॲप त्या फोनवर चालायला नकार देतात. एका पासवर्डसाठी एवढं कशाला.

घरात विंडोजचा लॅपटॉप आहे का आणि तो कधीतरी ह्या वाय-फायला जोडला होता का, ते बघा. असेल तर कंट्रोल पॅनेल उघडा, नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर, तिथं उजवीकडं तुमच्या वाय-फायचं निळं नाव असतं त्यावर क्लिक, छोटी खिडकी उघडेल, त्यात वायरलेस प्रॉपर्टीज, मग वरती सिक्युरिटीचा टॅब, आणि तिथं ‘शो कॅरॅक्टर्स’ची चौकट आहे तिच्यावर टिक करा. ठिपक्यांची अक्षरं होतात. ही वाट विंडोज १० आणि ११ दोन्हीत चालते, मात्र लॅपटॉप त्या क्षणी वाय-फायला जोडलेला पाहिजे. विंडोज ११ नवीन अपडेट केलेलं असेल तर सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, प्रॉपर्टीज इथंच ‘वाय-फाय सिक्युरिटी की बघा’ असं बटण मिळतं. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर बहुतेक वेळा ॲडमिनची परवानगी मागतो आणि ती तुमच्याकडं नसते, तिथं पुढं जोर लावू नका.

प्रश्न : फोन पाण्यात पडला तो गेलाच. घरात दुसरं काहीच वाय-फायला जोडलेलं नाही. नवीन फोन आणलाय पण पासवर्ड कुठून आणू? राउटरच्या मागं रीसेटचं भोक आहे त्यात पिन घालू का? (कणकवली)

उत्तर : पिन खाली ठेवा आधी. ह्या प्रश्नाला जरा सावकाश उत्तर देतो, कारण इथं एक चुकीचं पाऊल पडलं तर दोन-तीन दिवस नेटच बंद राहू शकतं आणि तुमच्याकडं पावसात माणूस यायला किती वेळ लागतो ते तुम्हालाच माहीत.

नवीन फोनमध्ये जुनंच गूगल खातं टाकलंत का? जुन्या फोनचा बॅकअप चालू असेल आणि नवीन फोन सुरू करताना ‘बॅकअप परत आणा’ म्हटलं असेल तर वाय-फायचे पासवर्डही त्याच्यासोबत येतात, फोन आपणहून जोडला जातो. ही पायरी गडबडीत ‘वगळा’ दाबून टाकतात बरेच जण.

ते नसेल तर राउटर उलटा करा. खाली किंवा मागं स्टिकर असतो, त्यावर वाय-फायचं नाव आणि पासवर्ड छापलेला असतो, त्याला कुठं ‘वायरलेस की’ म्हणतात, कुठं ‘डब्ल्यूपीए की’, कुठं ‘पीएसके’. लावणाऱ्यानं तो बदललेला नसेल तर तोच चालतो. बदलला असेल तर जोडणी करून देणाऱ्याची सवय आठवा, आपल्याकडं बहुतेक वेळा तो मालकाचा मोबाइल नंबरच टाकून जातो, ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याचा नंबर टाकून बघा.

तेही नाही लागलं तर तार वापरा. राउटरच्या मागं लॅनची भोकं असतात, तिथून लॅपटॉप किंवा कॉम्प्युटरला केबल जोडली की वाय-फायचा पासवर्ड लागतच नाही. मग ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकायचा, बऱ्याच राउटरचा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओच्या डब्याचा १९२.१६८.२९.१, अर्थात टाइप करताना इंग्रजी आकड्यांत. तिथं जो लॉगिन मागतो तो वाय-फायचा पासवर्ड नव्हे, राउटर चालवायचा वेगळा पासवर्ड असतो आणि तोही बहुतेक स्टिकरवरच लिहिलेला असतो. आत गेलात की वायरलेस किंवा डब्ल्यूलॅन, त्यात सिक्युरिटी, तिथं पासवर्ड दिसतो, नाहीतर नवीन टाकता येतो. लॅपटॉपच नसेल तर कंपनीचं ॲप मोबाइल डेटावर उघडून बघा, मोठ्या कंपन्यांच्या ॲपमध्ये वाय-फायचा पासवर्ड बदलायची सोय दिलेली असते, काहींच्या फोन हेल्पलाइनवरूनही बदलून मिळतो.

आणि रीसेट अगदी शेवटी. भोकात पिन घालून साधारण १० सेकंद दाबलं की राउटर कारखान्यातून आला तसा होतो, स्टिकरवरचा पासवर्ड परत चालायला लागतो, इथपर्यंत चांगलं. पण त्याच्यासोबत इंटरनेटची सेटिंगही जाते. गावातल्या केबलवाल्याचं कनेक्शन असेल तर त्यात पीपीपीओई नावाचं युजरनेम-पासवर्ड घातलेलं असतं, फायबरच्या डब्यात वर व्हीलॅनचा (कंपनीच्या जाळ्यातली आपली वाट ओळखायचा) आकडाही असतो, ते पुसलं गेलं की वाय-फाय जोडलं जातं, फोनवर खूण पण येते, आणि नेट मात्र नाही. काही मोठ्या कंपन्यांचे डबे रीसेटनंतर आपापली सेटिंग परत ओढून घेतात, केबलवाल्याचे सहसा घेत नाहीत. म्हणून आधी त्याला फोन लावा, ते युजरनेम आणि पासवर्ड विचारून वहीत लिहून घ्या, व्हीलॅन आहे का तेही विचारा, आणि मगच पिन हातात घ्या. खरं तर त्याच्याशी बोलणं होतंच आहे तर पासवर्ड त्यालाच बदलून द्यायला सांगा, पुष्कळ वेळा तो तिथं बसल्या बसल्या करून देतो.

प्रश्न : पासवर्ड बरोबर आहे, दहा वेळा तपासला, तरी फोन म्हणतो चुकीचा आहे. (बारामती)

उत्तर : तुमचा कीबोर्ड मराठी आहे का ते बघा. मराठी कीबोर्डवर आकडे देवनागरीत पडतात, आणि तुमच्या डोळ्याला सात तो सातच दिसला तरी राउटरच्या लेखी ते वेगळंच अक्षर आहे. इंग्रजी कीबोर्ड करून टाका. दुसरं, व्हॉट्सॲपवरून कॉपी करताना शेवटी एक मोकळी जागा चिकटून येते, ती दिसत नाही. शून्य आणि ओ, एक आणि छोटा एल, कॅपिटल-स्मॉल हे नेहमीचंच. पासवर्ड किमान ८ अक्षरांचा असावा लागतो, तुमच्याकडं लिहिलेला सातच अक्षरांचा असेल तर एक कुठंतरी राहिलंय. फोन बराच जुना असेल आणि राउटर नवीन, तर राउटरवर सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ (वाय-फायच्या सुरक्षेचा नवा प्रकार) ठेवली आहे का बघा, ते २०१८ मध्ये आलं आणि जुन्या फोनला कळत नाही, राउटरमध्ये डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही मिळून असा पर्याय असतो तो निवडा.

प्रश्न : प्ले स्टोअरवर ‘वाय-फाय पासवर्ड दाखवा’ अशी ॲप आहेत, लाखो लोकांनी टाकलीत. त्यातलं चांगलं कुठलं? (छत्रपती संभाजीनगर, कॉलेजचा विद्यार्थी)

उत्तर : एकही टाकू नकोस. मनापासून सांगतोय. अँड्रॉइडमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड दुसऱ्या ॲपला वाचायची परवानगीच नाही, रूट न केलेल्या फोनवर कुठलंही ॲप ते दाखवू शकत नाही, मग ते ॲप करतं काय? एक तर नुसत्या जाहिराती दाखवत फिरवत बसतं. नाहीतर लोकांनी एकमेकांत वाटलेल्या पासवर्डचा साठा दाखवतं, आणि त्या साठ्यात तुझ्या घरचा पासवर्डही टाकायला लावतं, कधी सांगून, कधी अटींच्या लांबलचक पानात लपवून. वर लोकेशन, कॉन्टॅक्ट, सगळं मागतं. पासवर्ड फोनच्या सेटिंगमध्ये फुकट मिळत असताना हे धोंडे पायावर का पाडून घ्यायचे.

‘हॅक करून देतो’ म्हणणारी जी असतात ती बहुतेक डब्ल्यूपीएसवर चालतात. राउटरवर ते बटण असतं ना, दाबलं की पासवर्डशिवाय जोडलं जातं, त्याचाच एक प्रकार ८ आकडी पिनचा आहे. २०११ मध्ये त्यातली खोट उघड झाली. राउटर तो पिन दोन तुकड्यांत तपासतो, आधी ४ आकडे, मग ३, शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, त्यामुळं १० कोटी शक्यतांऐवजी फार तर ११,००० तपासाव्या लागतात. अँड्रॉइडनं आवृत्ती ९ पासून डब्ल्यूपीएस काढूनच टाकलं, म्हणून तुला नव्या फोनमध्ये ते दिसत नाही. तुझ्या घरच्या राउटरवर डब्ल्यूपीएसचा पिन चालू असेल तर आज सेटिंगमध्ये जाऊन बंद कर, हे काम त्या ॲपपेक्षा फार उपयोगाचं आहे.

प्रश्न : आम्ही भाड्यानं राहायला आलो. आधीच्या भाडेकरूंनी शेजाऱ्यांचं वाय-फाय कसं जोडायचं ते भिंतीवर लिहून ठेवलंय, पासवर्डसकट. चालतंय पण. वापरलं तर काय बिघडतं, त्यांचं नेट तर अमर्याद आहे? (डोंबिवली)

उत्तर : विचारून वापरा. बेल वाजवा, सांगा की असं असं लिहिलेलं सापडलं, आमचं कनेक्शन येईपर्यंत चार दिवस वापरू का. बहुतेक लोक हो म्हणतात, आणि त्यांना हेही कळतं की त्यांचा पासवर्ड भिंतीवर लिहिलेला आहे, जे त्यांना कळायलाच पाहिजे.

न विचारता वापरणं हा कायद्यानं गुन्हा ठरू शकतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय कुणाच्या नेटवर्कमध्ये शिरणं येतं, आणि ते गैरहेतूनं केलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमचा हेतू वाईट नाही हे मला मान्य आहे. पण ज्याचं वाय-फाय आहे त्याच्या बाजूनं बघा. २६ जुलै २००८ ला अहमदाबादला साखळी स्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी धमकीचा जो ईमेल गेला तो शोधत पोलीस पोचले नवी मुंबईत सानपाड्याला, तिथं राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या घरी, कारण ईमेल त्याच्या वाय-फायवरून गेला होता. कॉम्प्युटर जप्त, चौकशीवर चौकशी, आणि त्याचं नेटवर्क दुसऱ्याच कुणी वापरलं होतं. बाहेरच्या जगाला दिसतं ते कनेक्शन कुणाच्या नावावर आहे एवढंच, त्यावर कोण बसलं होतं ते नंतर शोधावं लागतं. म्हणून पासवर्ड भिंतीवरून पुसा आणि शेजाऱ्यांना सांगून टाका.

प्रश्न : राउटर जुना झाला म्हणून नवीन घेतोय. घरात टीव्ही, दोन कॅमेरे, प्रिंटर, सगळ्यांत परत पासवर्ड टाकत बसायचं का? कॅमेरे तर शिडी लावून काढावे लागतील. (इंदूर)

उत्तर : शिडी नको काका. नवीन राउटरला वाय-फायचं नाव आणि पासवर्ड अगदी जुन्यासारखाच द्या, स्पेलिंग, कॅपिटल-स्मॉल, मधली जागा, सगळं तेच, आणि सुरक्षेचा प्रकारही जुनाच. यंत्रं नाव आणि पासवर्ड बघून जोडली जातात, डबा बदलला हे त्यांना कळतही नाही. म्हणूनच जुना राउटर काढायच्या आधी फोनमधून तो पासवर्ड वर सांगितलं तसा वाचून लिहून घ्या, काढल्यावर आठवत बसू नका. घरगुती कॅमेरे बहुतेक फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, तेव्हा नवीन राउटरमध्ये तो पट्टा चालू आहे ना ते बघा.

प्रश्न : माझ्याच फोनच्या हॉटस्पॉटचा पासवर्ड विसरलोय. (नांदेड)

उत्तर : अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये, आयफोनमध्ये पर्सनल हॉटस्पॉटच्या पानावर तो लिहिलेलाच असतो. नको वाटला तर तिथंच बदला, जुना लागत नाही.

प्रश्न : पासवर्ड सापडला एकदाचा, तुमचे आभार. आता परत विसरू नये म्हणून मोबाइल नंबरच ठेवते, चालेल ना? (चिपळूण)

उत्तर : तेवढं नका करू ताई. मोबाइल नंबर अख्ख्या वाडीला माहीत असतो. आणि नुसते आकडे असलेला पासवर्ड कॉम्प्युटरला फार सोपा पडतो, ८ आकडे म्हणजे फक्त १० कोटी शक्यता, आपल्या मोबाइल नंबरांची सुरुवात ६ ते ९ नंच होते म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी. आकडा मोठा वाटतो, पण हवेतून जोडणीची देवाणघेवाण पकडून घरी बसून एकेक शक्यता तपासणाऱ्या यंत्राला तो मोठा नाही.

त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत, मध्ये एक-दोन आकडे. तुमच्या परसात काय आहे, स्वयंपाकघरात काय, आजोळच्या गावाला काय म्हणायचे, असे कुठूनही उचला, देवाचं आणि मुलांचं नाव मात्र टाळा, ते सगळे आधी तेच टाकून बघतात. पासवर्ड ६३ अक्षरांपर्यंत चालतो, लांब असला की झालं, विचित्र खुणा घालायची गरज नाही, टीव्हीच्या रिमोटनं त्या खुणा टाकताना जीव जातो.

आणि लिहून ठेवा, त्यात काही गैर नाही. रेशन कार्ड, गॅसचं पुस्तक ठेवता त्याच फाइलमध्ये एका कागदावर वाय-फायचं नाव, पासवर्ड, राउटरचा लॉगिन आणि केबलवाल्यानं दिलेलं युजरनेम, चारही. फोनमधल्या क्यूआर कोडची प्रिंट काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली तर गणपतीला पाहुणे आले की प्रत्येकाला वाचून दाखवत बसावं लागत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांचा राबता जास्त असेल तर राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क चालू करून त्याचा वेगळा पासवर्ड ठेवा, पाहुणे गेले की तेवढाच बदला, घरच्या कुठल्याच यंत्राला धक्का लागत नाही.